पाय टेकत असूनही तीनदा आडवी झालेली गाडी: एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील चालक सेहेचाळीस वर्षांचे, कोथरूडमध्ये राहणारे आणि कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करणारे गृहस्थ आहेत. उंची १६७ सेंटिमीटर, वजन ७२ किलो, गुडघे आणि पाठ ठणठणीत. अठरा वर्षे त्यांनी बजाज पल्सर १५० वापरली आणि त्या गाडीवरून ते एकदाही पडले नाहीत. मुलीचे शिक्षण मार्गी लागल्यावर त्यांनी मनात बरीच वर्षे असलेली रॉयल एनफिल्ड सुपर मिटिऑर ६५० घेतली. पहिल्या सात आठवड्यांत ती गाडी तीन वेळा आडवी झाली. तिन्ही वेळा वेग ताशी दहा किलोमीटरच्या आत होता. याच सात आठवड्यांत ते ताम्हिणी घाट उतरून कोकणात जाऊन आले होते, आणि त्या प्रवासात गाडीने त्यांना कसलाही त्रास दिला नव्हता.

मी सुटीच्या दिवशी जड मोटारसायकली चालवायला शिकवतो. मला पहिला दूरध्वनी चालकांचा नव्हे, त्यांच्या पत्नीचा आला. तिसऱ्या वेळी त्या मागे बसलेल्या होत्या आणि त्यांच्या गुडघ्याला मार लागला होता. त्यांचे म्हणणे मोजके होते: "गाडी विकायची की शिकायची, एवढंच तुम्ही पाहून सांगा. बाकी आमचं आम्ही ठरवू." हा प्रश्न मला रास्त वाटला. जड गाडी पडली की आपल्याकडे एक तर "ती तुमच्या झेपेची नाही" असे सांगितले जाते, नाहीतर "सवय होईल" असे. दोन्ही उत्तरांत गाडी नेमकी का पडली याचा तपास होत नाही, आणि सवय ही चुकीच्या गोष्टीचीही होते.

तीन प्रसंग

पहिला प्रसंग त्यांच्या सोसायटीच्या तळघरातील वाहनतळात घडला. रॅम्प उतरून उजवीकडे काटकोनात वळावे लागते, आणि खाली गुळगुळीत काँक्रीट आहे. चालक क्लच पूर्ण दाबून, दोन्ही पाय जमिनीलगत लोंबते ठेवून उतरले. हँडल उजवीकडे वळलेले असताना खांबामागून एक स्कूटर पुढे आली. त्यांनी पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे बसली. कोणाला लागले नाही. लेग गार्डला ओरखडे आले.

दुसरा प्रसंग कर्वे रस्त्यावर, दुभाजकातील खिंडीतून यू-टर्न घेताना. मागे बस होती आणि तिचा हॉर्न अखंड वाजत होता. अर्धे वळण झाल्यावर गाडी समोरच्या फुटपाथकडे ओढली जाते आहे असे त्यांना वाटले, म्हणून वेग कमी करण्यासाठी त्यांनी क्लच दाबला. गाडी पुन्हा उजवीकडेच गेली. त्यांनी उजवा पाय रोवून तिला धरण्याचा प्रयत्न केला. पोटरीला सायलेन्सरचा चटका बसला आणि गाडी तरीही पडली.

तिसरा प्रसंग रविवारी सकाळी सिंहगडाच्या घाटात. गडावर जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली होती आणि डावीकडे वळणाऱ्या एका तीव्र चढाच्या वळणावर, नेमक्या आतल्या बाजूला, पुढची चारचाकी थांबली. चालकांनी हँडल डावीकडे वळलेले असतानाच पुढचा ब्रेक दाबून गाडी उभी केली आणि दोन्ही पाय खाली सोडले. वळणाच्या आतल्या बाजूला रस्ता उतरता असल्याने डाव्या पायाखाली जमीन अपेक्षेपेक्षा वीतभर खाली निघाली. पाय टेकेपर्यंत गाडी इतकी कलली होती की मग ती धरणे शक्य नव्हते. मागे पत्नी बसलेल्या होत्या. त्या दिवसानंतर गाडी तीन आठवडे झाकून ठेवलेली होती.

रूढ निदान आणि ते का टिकत नाही

चालकांना भेटलेल्या प्रत्येकाने एकच कारण सांगितले होते: गाडी जड आहे आणि पाय पुरत नाहीत. गॅरेजवाल्याने सीटचा फोम कापून देऊ का असे विचारले होते. वस्तुस्थिती मात्र उलट आहे. पल्सर १५० ची सीट जमिनीपासून सुमारे ७८५ मिलिमीटर उंच, तर सुपर मिटिऑरची ७४० मिलिमीटर. म्हणजे नवी गाडी जुनीपेक्षा साडेचार सेंटिमीटरने ठेंगणी आहे, आणि चालकांचे दोन्ही तळवे गुडघे किंचित वाकलेल्या स्थितीत पूर्ण टेकतात. पाय पुरणे हा प्रश्न असता, तर तो अठरा वर्षे पल्सरवर यायला हवा होता.

वजनाचा मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. पल्सर साधारण १४५ किलोची, सुपर मिटिऑर इंधनासह २४१ किलोची. दोन चाकांमधील अंतर सुमारे १३२० मिलिमीटरवरून १५०० मिलिमीटरवर गेलेले. ६४८ सीसीच्या जुळ्या सिलिंडरच्या इंजिनाचा पीळ (टॉर्क) ५२ न्यूटन-मीटर, तोही खालच्या फेऱ्यांपासूनच मिळणारा, त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये मनगट जरा जास्त वळले तर गाडी झटका देते. या साऱ्याचा परिणाम होतोच. पण वजन आपोआप गाडी पाडत नाही; कललेल्या गाडीला सावरण्याची संधी ते हिरावून घेते. हा फरक चालकांना पटवण्यासाठी मी त्यांच्यासमोर कागदावर हिशेब मांडला, कारण मापांवर त्यांचा विश्वास आहे.

गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ढोबळमानाने अर्ध्या मीटरवर आणि हँडल एक मीटरवर धरले, तर २४१ किलोची गाडी पाच अंशांनी कलली असता तिला हँडलपाशी तोलून धरायला साडेदहा किलोचा जोर पुरतो. पंधरा अंशांना एकतीस किलो लागतो. तीस अंशांना साठ किलो. पाच अंशांवर जी गाडी एका हाताने सावरता येते, ती तीस अंशांवर चांगल्या पैलवानालाही वाकलेल्या पाठीने सावरणार नाही. पल्सरचे हेच आकडे सहा, एकोणीस आणि छत्तीस असे येतात. म्हणून पल्सरवर उशिरा टेकलेला पायही गाडी वाचवत असे. अठरा वर्षे न पडण्यामागे कौशल्याचा वाटा होता तितकाच त्या हलक्या गाडीच्या क्षमाशीलतेचाही होता, आणि ते चालकांना कळण्याचा काही मार्गच नव्हता.

आपली परवाना पद्धतही हे कळू देत नाही. गिअरच्या मोटारसायकलचा एकच परवाना १०० सीसीच्या गाडीलाही चालतो आणि ६५० सीसीच्या गाडीलाही. युरोपात शक्तीनुसार परवान्याच्या पायऱ्या आहेत. जपानमध्ये मोठ्या मोटारसायकलच्या परीक्षेत १५ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद अशा किंचित उंच पट्टीवरून, खाली न उतरता, किमान १० सेकंद घेऊन जावे लागते. मधल्या वर्गाच्या गाड्यांना ७ सेकंद पुरतात. जड गाडीला अधिक हळू जाता आले पाहिजे, असा तिथला आग्रह आहे. मला हा आग्रह अतिशय शहाणपणाचा वाटतो. १५ मीटरला १० सेकंद म्हणजे ताशी ५.४ किलोमीटर, भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग. जड गाडी आपल्या ताब्यात आहे की नाही हे त्याच वेगाला कळते.

खरे कारण

पहिल्या भेटीत मी चालकांना काही शिकवले नाही. कर्वेनगरमधील एका महाविद्यालयाचे वाहनतळ रविवारी सकाळी वापरायची परवानगी आम्हाला मिळाली होती. तिथे मी त्यांना फक्त सरळ, जमेल तितक्या हळू जायला सांगितले आणि त्यांच्या डाव्या हाताकडे व उजव्या पायाकडे पाहत राहिलो. दहा मिनिटांत दोन गोष्टी दिसल्या.

पहिली गोष्ट डाव्या हाताची. त्यांचा क्लच एक तर पूर्ण दाबलेला असे किंवा पूर्ण सोडलेला. मधली जागा ते निघताना एका क्षणात ओलांडून जात. गाडी हळू करायची म्हणजे क्लच दाबून तिला घरंगळू द्यायचे, आणि फारच हळू झाली की पुन्हा सोडून झटका द्यायचा, अशी त्यांची रीत होती. मी कारण विचारले तेव्हा ते जरा अभिमानाने म्हणाले, "सर, मी कधीच हाफ क्लचवर गाडी चालवत नाही. पल्सरच्या प्लेटा मी अठरा वर्षांत एकदाच बदलल्या."

या उत्तरात सगळे प्रकरण होते. "हाफ क्लचवर चालवू नका, प्लेटा जळतील" हा उपदेश आपल्याकडे प्रत्येक गॅरेजात आणि प्रत्येक मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ऐकायला मिळतो, आणि त्याच्या जागी तो बरोबरही आहे. चारचाकीचा क्लच बहुधा कोरडा, एकाच तबकडीचा असतो; तो घासत राहिला तर तापून जळतो. मोटारसायकलवरही रस्त्याच्या वेगात बोटे क्लचवर दाबून ठेवण्याची खोड प्लेटा खाते. परंतु बहुतेक मोटारसायकलींचा क्लच, आणि या गाडीचाही, अनेक तबकड्यांचा व तेलात बुडालेला असतो. कमी फेऱ्यांवर, थोड्या जोराने, काही सेकंद घासला जाणे हे त्याचे नेमून दिलेले काम आहे, आणि निर्माण होणारी उष्णता तेल वाहून नेते. काळजी घेणाऱ्या माणसाने मनापासून पाळलेला एक नियम चुकीच्या जागी लागू झाला, आणि ताशी दहा किलोमीटरच्या खाली गाडीवर ताबा ठेवण्याचे मुख्य साधनच त्याने हातातून काढून टाकले.

ते साधन मुख्य का, हे यू-टर्नच्या प्रसंगावरून समजते. वळणात गाडी कललेली असूनही पडत नाही, कारण वळताना तिच्या वेगामुळे तिला बाहेरच्या बाजूने आधार मिळत असतो. साडेतीन मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी १० किलोमीटर वेगाला सुमारे तेरा अंशांचा कल तोलला जातो. तोच वेग ५ वर आला तर जेमतेम तीन अंश तोलले जातात. चालकांनी वळणाच्या मध्यात क्लच दाबला तेव्हा मागच्या चाकाची ओढ नाहीशी झाली, वेग घसरला, कल मात्र तेवढाच राहिला. उरलेल्या दहा अंशांचा भार त्यांच्या उजव्या पायावर आला. बसच्या हॉर्नचा दोष इतकाच की त्याने त्यांना घाई केली. त्या क्षणी क्लच अर्ध्या बोटाने सोडला असता, तर गाडीला ओढ मिळून ती आपोआप उभी झाली असती. आत पडू लागलेल्या गाडीला ओढ द्यायची, हे मनाला उलटे वाटते, आणि म्हणूनच ते सरावाशिवाय हातून घडत नाही.

हळू वेगाला गाडी डळमळते याचे कारण "चाकांची गिरकी कमी पडते" असे सांगण्याची पद्धत आहे. ते पूर्णतः खरे नाही. डेल्फ्ट आणि कॉर्नेल येथील संशोधकांनी २०११ मध्ये अशी सायकल करून दाखवली की जिच्यात गिरकीचा परिणाम आणि पुढच्या चाकाचा ट्रेल (हँडलचा अक्ष जमिनीला जिथे मिळतो त्याच्या जितके मागे चाक टेकते ते अंतर) हे दोन्ही काढून टाकलेले होते, आणि तरीही ठरावीक वेगाला ती स्वतःहून सरळ राहत होती. आपल्या कामापुरते इतकेच धरावे की दुचाकी ज्या बाजूला पडते त्या बाजूला तिचे पुढचे चाक वळते आणि टायर पुन्हा गुरुत्वमध्याखाली येतात. वेग असला की हँडलच्या हलक्या हालचालीत हे साधते. वेग नसला की त्यासाठी हँडल पुष्कळ वळवावे लागते, आणि टायर सरकण्यासाठी गाडीला पुढे ओढणारे काहीतरी लागते. क्लच दाबलेली गाडी वळवता येते, पण सावरता येत नाही.

दुसरी गोष्ट उजव्या पायाची होती, आणि तिथे त्या ठेंगण्या सीटचा संबंध येतो. पाय सहज टेकतात म्हणून चालक हळू जाताना दोन्ही पाय खाली सोडून ठेवत. त्यांना त्यात धीर वाटे. पण उजवा पाय खाली असला म्हणजे मागच्या ब्रेकवर नसतो. मग थांबण्यासाठी हातात फक्त पुढचा ब्रेक उरतो. पुढचा ब्रेक सरळ हँडलवर उत्तम असतो. वळलेल्या हँडलवर मात्र तो चाकाला तिरके रोखतो, पुढचा सस्पेन्शन दबतो, वेग एकदम जातो आणि गाडी वळणाच्या आत कोसळते. तळघरात हेच घडले आणि सिंहगडावरही. सीट उंच असती तर त्यांनी पाय फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवण्याच्या दांड्यांवर, ठेवले असते, पायाखाली मागचा ब्रेक राहिला असता, आणि तीनपैकी निदान एक पडणे टळले असते असे माझे मत आहे. पडण्याच्या भीतीने सोडलेले पाय हे पडण्याच्या कारणांपैकी एक होते.

सीटचा फोम कापू नये, हे मी त्याच दिवशी सांगितले. पत्नींना सायंकाळी कळवले की गाडी विकण्याचे कारण मला दिसत नाही, पण चार रविवार लागतील, आणि तोवर त्यांनी मागे बसू नये.

चार रविवार

काम सकाळी साडेसहाला सुरू होई. हे इंजिन हवेवर आणि तेलावर थंड होणारे आहे; हळू चालण्यात त्याला वारा मिळत नाही, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये नऊनंतर चालक व गाडी दोघेही तापतात. दर पंधरा मिनिटांनी गाडी बंद करून दहा मिनिटे थांबायचे असा नियम केला. क्लच घासण्याला मी निर्दोष म्हटले असले तरी तो सलग अर्धा तास घासावा असे त्यातून निघत नाही.

पहिल्या रविवारी बराच वेळ इंजिन बंदच होते. गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहून, हँडल दोन-दोन बोटांनी धरून, ती तोलावर उभी ठेवायची. मग दोन अंश इकडे, दोन अंश तिकडे जाऊ द्यायची. २४१ किलोची वस्तू चार बोटांवर उभी राहते हे चालकांना प्रथमच जाणवले आणि त्यांचे खांदे सैल झाले. नंतर उतारावर गाडी मागे ढकलण्याचा सराव: कंबर सीटला टेकलेली, गाडीचा कल जरासा आपल्याकडे, उजवा हात पुढच्या ब्रेकवर, हँडल सरळ.

आडवी गाडी उचलणेही त्याच दिवशी शिकवले, कारण पडलेली गाडी हाताच्या जोराने उचलताना पाठ जाते. आधी किल स्विच (हँडलवरचे इंजिन बंद करण्याचे बटण) आणि किल्ली बंद करायची. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, म्हणजे उभी झाल्यावर ती पलीकडे जाणार नाही. शक्य असल्यास पहिला गिअर टाकायचा, म्हणजे ती घरंगळणार नाही. मग सीटला पाठ लावून खाली बसायचे, एका हाताने आत वळवलेल्या हँडलचे टोक आणि दुसऱ्याने मागचा पक्का भाग धरायचा, पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर लहान लहान पावलांनी मागे सरकत गाडी उभी करायची. डावीकडे पडलेल्या गाडीला स्टँडचा आधार नसतो, म्हणून पलीकडे एक माणूस उभा करावा. पुण्याच्या रस्त्यावर मदतीला चार जण धावतातच. त्यांना कुठे धरायचे ते सांगणे आपले काम; आरसा आणि इंडिकेटर धरून ओढणारे हात नेहमी असतात.

दुसऱ्या रविवारी क्लच. प्रथम जागेवरच: रेस जराशी वाढवून स्थिर ठेवायची, क्लच इतकाच सोडायचा की गाडी वीतभर पुढे सरकेल, मग दाबून तिला पायांनी मागे आणायचे. असे चाळीस-पन्नास वेळा केल्यावर बोटांना ती जागा सापडली. मग मी खडूने १५ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद पट्टा आखला. चालकांचा पहिला वेळ पाच सेकंद होता, तोही दोन्ही पाय खाली असताना.

पाय वर घेऊन, उजवा पाय मागच्या ब्रेकवर हलका टेकवून जायला सांगितले तेव्हा ते पट्ट्यातून दोनदा बाहेर गेले. अडचण अशी होती की ते वेग रेसने कमी-जास्त करू पाहत होते, आणि या इंजिनात बंद रेसमधून उघडताना हलकासा धक्का बसतोच. मी त्यांना सांगितले की मनगट गोठवून टाका. इंजिनाचा आवाज एकसारखा राहिला पाहिजे, मला डोळे मिटून तो ऐकू द्या. गाडी पुढे ढकलण्याचे काम क्लच करील, रोखण्याचे काम मागचा ब्रेक करील, आणि दोन्ही एकाच वेळी चालू राहतील. रेस आणि ब्रेक एकत्र वापरणे त्यांच्या शिस्तीला खटकले. परंतु मागच्या ब्रेकच्या हलक्या ओढीने साखळीतील ढिलेपणा ताणलेला राहतो, धक्के गिळले जातात आणि गाडी दोरीत बांधल्यासारखी स्थिर होते. हे त्यांना अनुभवाने कळले तेव्हा वेळ आठ सेकंदांवर गेला. त्या सकाळच्या अखेरीस तो साडेदहा सेकंद होता.

तिसरा रविवार वळणांचा, आणि माझ्या मते याच भागाला सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा. वाहन परवान्याच्या चाचणीतला ८ चा आकडा सर्वांनी कधीतरी काढलेला असतो, पण तो पाय टेकवत, हँडल हिसकत काढलेला असतो. इथे आम्ही मोठ्या वर्तुळापासून सुरुवात केली आणि पहिला आग्रह नजरेचा ठेवला. गाडी नजरेमागे जाते. कर्वे रस्त्यावर चालकांची नजर समोरच्या फुटपाथवर होती, म्हणूनच गाडी तिकडे ओढली जाते आहे असे त्यांना वाटले. वळताना हनुवटी खांद्यावर आणून, जिथून बाहेर पडायचे तिकडे पाहायचे. पुढचे चाक आणि त्याखालची जमीन ही पाहण्याची जागा नव्हे. मी वर्तुळाच्या मध्यभागी उभा राहिलो आणि त्यांना सतत माझ्या पाठीमागच्या झाडाकडे पाहायला लावले.

दुसरा आग्रह शरीराच्या तोलाचा. वेगात वळताना शरीर वळणाच्या आत झुकते. अगदी हळू वळताना उलट करायचे: गाडी आत कलू द्यायची आणि आपण बाहेर बसायचे. या गाडीचे फूटपेग पुढे आहेत, त्यामुळे पेगवर उभे राहून वजन टाकता येत नाही. म्हणून उजव्या वळणात कंबर डावीकडे अर्धी सीटबाहेर सरकवायची, धड सरळ ठेवायचे आणि डावा हात हँडलबरोबर जाऊ द्यायचा. चालकांचा सगळा विरोध इथे उफाळून आला, कारण गाडीला कलू द्यायचे म्हणजे तिला पडू द्यायचे असे सात आठवड्यांत त्यांच्या मनाने ठरवून टाकले होते. ते हँडल वळवत, पण गाडीला ताठ धरत, आणि त्यामुळे वळण मोठे होई.

त्याच दिवशी गाडी चौथ्यांदा पडली. वर्तुळ लहान करताना त्यांनी खाली, खुणेसाठी ठेवलेल्या शंकूकडे पाहिले आणि सवयीने क्लच दाबला. मी काही बोलायच्या आत ते उठून म्हणाले, "क्लच दाबला मी. पूर्ण दाबला." पहिल्या तीन वेळी गाडी का पडली हे त्यांना माहीत नव्हते, या वेळी ते त्यांनी स्वतः सांगितले. उचलली त्यांनीच, पाठ लावून, मदतीशिवाय.

जपानमध्ये शंकूंच्या मधून असे घट्ट वळसे घेण्याचा एक क्रीडाप्रकारच आहे आणि त्याला मोटो जिमखाना म्हणतात. शब्द आपल्या डेक्कन जिमखान्यातलाच, हिंदुस्थानातून इंग्रजीमार्गे तिथवर गेलेला. अमेरिकेतील मोटारसायकलवरील पोलीसही जड गाड्या घेऊन शंकूंच्या याच प्रकारच्या कसरती करतात. तिथेही साधने तीनच असतात: घासणारा क्लच, मागचा ब्रेक आणि वळलेली मान. हे मी चालकांना दिलासा म्हणून सांगितले नाही. दीडपट वजनाच्या गाड्या ज्या युक्तीने वळतात ती युक्ती बळाची असू शकत नाही, हे त्यांना दिसावे म्हणून सांगितले.

चौथ्या रविवारी आखलेली रुंदी नऊ मीटरवरून सात मीटरवर आणली. आपल्याकडील दोन पदरी रस्त्याची प्रमाणित रुंदी सात मीटर आहे, म्हणून तेवढे पुरेसे मानले. चालकांनी उजवीकडचा यू-टर्न सहापैकी पाच वेळा आत पूर्ण केला. डावीकडचा सहापैकी तीन वेळाच जमला. डाव्या वळणात उजवा हात लांबतो आणि रेस स्थिर ठेवणे कठीण जाते. त्यावर घरी करण्यासाठी मोठ्या वर्तुळाचा सराव दिला.

रस्त्यावर

तळघराच्या रॅम्पवर फक्त एक बदल केला: उतरताना क्लच दाबायचा नाही. पहिला गिअर, क्लच सोडलेला, मागचा ब्रेक टेकलेला. वळणापाशी क्लच अर्धा, नजर उजवीकडच्या खांबापलीकडे. गाडी नाक बाहेरच्या बाजूला करून लावायची, म्हणजे सकाळी अर्धवट झोपेत उलटी ढकलावी लागत नाही. पावसाळ्यात त्या काँक्रीटवर चिखलाचे पाणी येते, तेव्हा हे सर्व आणखी हळू.

यू-टर्नबद्दल मी त्यांना असे सांगितले की जमणारा प्रत्येक यू-टर्न घेतलाच पाहिजे असे नाही. मागे बस असेल, रस्ता उतरता असेल, खडी असेल, तर पुढे जाऊन रुंद जागी वळावे. पुण्यात त्यासाठी कधी अर्धा किलोमीटर जावे लागते, तेवढे जावे. पेठांतल्या बोळात शिरण्यापूर्वी बाहेर पडायची वाट ठाऊक असावी.

चढावर थांबण्याची रीत मात्र आम्ही सिंहगडावरच जाऊन पक्की केली, मंगळवारी सकाळी, रस्ता मोकळा असताना. थांबण्याआधी हँडल सरळ करायचे, मग मागच्या ब्रेकने थांबायचे, उजवा पाय ब्रेकवरच ठेवायचा आणि डावा एकटाच खाली टेकवायचा. डावी बाजू उतरती असेल, जशी त्या वळणावर आहे, तर आतल्या कडेला न जाता लेनच्या मध्यावर, पुढच्या गाडीपासून पुरेसे अंतर ठेवून थांबायचे, म्हणजे वळण संपवून सरळ होता येते. निघताना क्लच पकडेपर्यंत मागचा ब्रेक सोडायचा नाही. गाडी पुढे ओढ घेते आहे असे जाणवले की मगच पाय हलकेच उचलायचा. त्या वळणावर चालक नऊ वेळा थांबले आणि नऊ वेळा निघाले. आठव्या वेळी इंजिन बंद पडले, पण पाय ब्रेकवर असल्याने गाडी जागची हलली नाही.

पत्नी दोन महिन्यांनी पुन्हा मागे बसू लागल्या. मागे साठ किलोचा माणूस बसल्यावर गुरुत्वमध्य वर आणि मागे सरकतो, पुढचे चाक हलके होते, आणि बसलेली व्यक्ती घाबरून वळणाच्या उलट दिशेला झुकली तर आखलेले सारे गणित चुकते. दोघांचा मिळून सात मीटरचा यू-टर्न अजून खात्रीने जमत नाही. त्यासाठी त्यांनी आपसांत एक रीत ठरवली आहे: वळण अरुंद दिसले की चालक कडेला थांबतात, त्या उतरतात, ते गाडी वळवून आणतात आणि त्या पलीकडून बसतात.